टीव्ही बदलण्याआधी रिमोट हातात घ्या

पत्र: आमचा मुलगा अकरावीत आहे. पुण्याच्या त्याच्या आतेभावाने आपला वापरलेला पीएस४ स्लिम (प्लेस्टेशन, टीव्हीला जोडून खेळायचा गेम कन्सोल) त्याला दिला. आमच्याकडे दहा-एक वर्षांचा ३२ इंची 'एचडी रेडी' टीव्ही भिंतीवर आहे आणि समोर साधारण ८ फुटांवर दिवाण. मुलाच्या तक्रारी तीन: चित्र धूसर दिसतं, खेळातली बारीक अक्षरं वाचता येत नाहीत, आणि बटण दाबल्यावर खेळाडू उशिरा हलतो. महाराणी रोडवर चौकशी केली. दुकानदाराने ५५ इंची ४के टीव्ही दाखवला, म्हणाला, "भाभीजी, इसमें तो गेम चार गुना साफ दिखेगा." हे म्हणतात, खेळ तोच, डबा तोच, काच बदलून काय होणार? ४० हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. एचडी टीव्हीने गेमचं चित्र खरंच सुधारतं का? भावजींचा जुना पीएस२ पण माळ्यावर आहे, तो नव्या टीव्हीला चालेल का?
(एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर: सुधारतं, पण टीव्ही जे दाखवतो ते कन्सोलकडून आलेलंच असतं. तुमचा पीएस४ देतो त्यातलं बरंच काही सध्याचा टीव्ही वाटेतच वाया घालवतोय, आणि त्यातलं पुष्कळसं फुकटात परत मिळवता येईल. मुलाच्या तीन तक्रारींची कारणंही तीन वेगळी आहेत. धूसरपणा बहुतेक सेटिंगचा, उशीर नक्की सेटिंगचा, आणि अक्षरांचा प्रश्न पडद्याच्या आकाराचा व बसण्याच्या अंतराचा. तेव्हा दुकानदाराला चार दिवस थांबायला सांगा आणि आधी एक संध्याकाळ घरच्या रिमोटला द्या.

सगळ्यात आधी टीव्हीला काय मिळतंय ते बघा. गेम चालू असताना रिमोटवरचं 'इन्फो' बटण दाबलं की कोपऱ्यात येणाऱ्या सिग्नलचा आकडा दिसतो. तिथे १२८० बाय ७२० असेल तर आतेभावाने ठेवलेलं सेटिंग तसंच राहिलेलं असू शकतं. पीएस४ वर 'सेटिंग्ज', मग 'साऊंड अँड स्क्रीन', मग 'व्हिडिओ आउटपुट सेटिंग्ज' आणि तिथे 'रिझोल्यूशन', असं जायचं. १०८०पी निवडा. टीव्हीने ते घेतलं नाही तर पडदा काळा होतो, पण घाबरायचं कारण नाही. काही सेकंदांत होकार मिळाला नाही की कन्सोल आपोआप जुन्या सेटिंगवर परततो. बहुतेक एचडी रेडी टीव्ही १०८०पीचा सिग्नल घेतात आणि आत लहान करून दाखवतात.

हे का करायचं, त्याचं कारण त्या टीव्हीच्या पॅनेलमध्ये, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या काचेत आहे. 'एचडी रेडी' लिहिलेल्या ३२ इंची टीव्हीत बहुतेक वेळा १३६६ बाय ७६८ ठिपके (पिक्सेल) असतात. ७२०पी म्हणजे १२८० बाय ७२०, आणि १०८०पी म्हणजे १९२० बाय १०८०. दोन्हींतलं एकही त्या पॅनेलवर ठिपक्याला ठिपका जुळून बसत नाही. कन्सोल ७२०पीवर असेल तर पीएस४ १०८० ओळींचं चित्र आधी ७२० वर आणतो आणि टीव्ही ते पुन्हा ताणून ७६८ करतो. दोनदा शिवण उसवून पुन्हा घातल्यासारखं होतं ते, कडा भुसभुशीत होतात. १०८०पी दिलं तर हा खटाटोप एकदाच होतो. फरक जादूचा नसतो, पण मुलाच्या डोळ्याला कळतो.

त्यानंतर ओव्हरस्कॅन. जुन्या नळीच्या टीव्हींच्या काळापासूनची ही खोड. चित्र थोडं मोठं करून त्याच्या चारही कडा चौकटीबाहेर घालवायच्या, साधारण ३ ते ५ टक्के. नळीच्या टीव्हीत त्याला कारण होतं, सपाट पॅनेलमध्ये काही नाही, तरी कारखान्यातून ते बऱ्याचदा चालूच असतं. खेळाच्या कोपऱ्यातला नकाशा किंवा गोळ्यांचा आकडा अर्धा कापलेला दिसतो का? दिसत असेल तर टीव्हीच्या 'पिक्चर साइझ' किंवा 'अ‍ॅस्पेक्ट' मेनूत जा. सॅमसंगमध्ये 'स्क्रीन फिट', एलजीत 'जस्ट स्कॅन', सोनीत 'फुल पिक्सेल' अशी नावं मॉडेलप्रमाणे सापडतात. काही टीव्हींत कन्सोलची केबल लागते त्या एचडीएमआय इनपुटला 'पीसी' असं नाव दिलं की ओव्हरस्कॅन बंद होतो. पीएस४ मध्येसुद्धा 'डिस्प्ले एरिया सेटिंग्ज' आहे, पण ते शेवटचा उपाय म्हणून ठेवा. तिथे कन्सोल चित्र आखडतो, टीव्ही ते पुन्हा फुगवतो, आणि धूसरपणा वाढतो.

आता 'शार्पनेस'. नाव फसवं आहे. ते वाढवलं की टीव्ही प्रत्येक कडेला पांढरी किनार काढतो. लांबून चित्र धारदार वाटतं, जवळून अक्षरांभोवती भुताटकी दिसते. गेमचा मेनू उघडा, जाड काळ्या अक्षरांकडे बघत शार्पनेस खाली आणत जा, पांढरी किनार नाहीशी होईल तिथे थांबा. बऱ्याच टीव्हींत हे शून्याजवळ येतं, काहींत मधल्या आकड्यावर. म्हणून आकडा पाठ करू नका, किनार बघा. 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोड असेल तर काढून टाका. तो दुकानातल्या ट्यूबलाइटींच्या झगमगाटासाठी असतो, घरच्या दिवाणखान्यासाठी नव्हे. सोबत 'नॉइझ रिडक्शन'ही बंद करा. केबलच्या वाईट चित्रासाठी ठेवलेली ती सोय आहे. गेमच्या स्वच्छ चित्रातले बारीक पोत, गवत, विटा, कपड्याची वीण, ती चक्क पुसून काढते.

काळोखाचे प्रसंग बघा. गुहेत किंवा रात्रीच्या रस्त्यावर सगळं एकजात काळं होऊन भिंत आणि शत्रू वेगळे कळत नसतील, किंवा उलट काळा रंग राखाडी धुतल्यासारखा दिसत असेल, तर कन्सोल आणि टीव्हीची रंगांची पट्टी जुळत नाही. टीव्हीच्या परंपरेत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात, संगणकाच्या परंपरेत ० आणि २५५. पीएस४ मध्ये 'आरजीबी रेंज' याचंच बटण आहे. कन्सोल 'फुल' देत असेल आणि टीव्ही 'लिमिटेड' समजत असेल तर काळोख गिळला जातो. उलट असेल तर धुतला जातो. पीएस४ ला 'लिमिटेड' ठेवा आणि टीव्हीतली 'एचडीएमआय ब्लॅक लेव्हल' दोन्हीकडे फिरवून बघा. दोनपैकी एका ठिकाणी काळोख काळा असेल आणि त्यातले आकारही दिसतील, ते बरोबर.

उशिराची तक्रार ही सगळ्यात खरी आणि सगळ्यात सोपी. आलेलं चित्र टीव्ही थेट दाखवत नाही. आधी ते साठवतो, गुळगुळीत करतो, रंग सजवतो, मग दाखवतो. सिनेमात हे चालून जातं, कारण आवाजही तेवढाच मागे ठेवता येतो. गेममध्ये अंगठा आधी हलतो आणि डोळा नंतर बघतो. सेकंदाला ६० चित्रं देणाऱ्या खेळात एक चित्र १६.७ मिलिसेकंदांचं असतं. सजावट चालू असलेल्या टीव्हीत १०० मिलिसेकंद सहज जातात, म्हणजे अंगठा आणि पडदा यांत सहा चित्रांचं अंतर. क्रिकेटच्या गेममध्ये बॅट फिरवण्याची वेळ चुकते ती इथेच. इतकं खेळूनही त्याचा टायमिंग बसत नाही म्हणून मुलाला बोलू नका, चेंडू त्याला खरोखरच उशिरा दिसतोय.

'पिक्चर मोड'मध्ये 'गेम' शोधा. जुन्या टीव्हीत तो 'जनरल' किंवा 'सिस्टम' मेनूत लपलेला असतो. तो लावला की ही सगळी सजावट बंद होते. नसेलच, तर हालचाल गुळगुळीत करणारं काय आहे ते हाताने बंद करा. सॅमसंगमध्ये 'ऑटो मोशन प्लस', एलजीत 'ट्रूमोशन', सोनीत 'मोशनफ्लो'. फरक मोजायचा असेल तर फोन स्लो मोशनमध्ये २४० चित्रांवर लावा, कंट्रोलरचं बटण आणि पडदा एकाच चौकटीत धरा आणि बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल होईपर्यंतची चित्रं मोजा. एक चित्र म्हणजे ४.२ मिलिसेकंद. त्या आकड्यात गेमचा आणि कन्सोलचा स्वतःचा वेळही असतो, म्हणून एकट्या आकड्याला अर्थ नाही. गेम मोड लावून आणि काढून, असं दोनदा मोजा. वजाबाकीत जे उरेल ते टीव्हीचं पाप.

इतकं झाल्यावर अक्षरांकडे येऊ, कारण टीव्ही घ्यायचा की नाही हे तिथे ठरतं.

निरोगी डोळ्याला (चष्मा असेल तर लावून) ८ फुटांवरून सुमारे ०.७ मिलिमीटरपेक्षा लहान ठिपका वेगळा ओळखता येत नाही. तुमच्या ३२ इंची एचडी रेडीचा ठिपका ०.५२ मिलिमीटरचा आहे. म्हणजे दिवाणावरून बघताना त्याचे ठिपके आत्ताच डोळ्याच्या मर्यादेखाली गेलेले आहेत. तिथे ३२ इंची फुल एचडी (१०८०पीचं पॅनेल) आणून लावलात तर पैसे जातील आणि फरक कळणार नाही. अक्षरं वाचता येत नाहीत ती ठिपके कमी म्हणून नव्हेत, अक्षरंच छोटी म्हणून. हिशेब करून बघा. पीएस४ च्या खेळातलं बारीक अक्षर १०८० ओळींपैकी साधारण २४ ओळी उंच धरलं, तर ३२ इंची पडद्यावर (उंची ४० सेंटिमीटर) ते जेमतेम ९ मिलिमीटरचं होतं. ४३ इंचीवर १२ मिलिमीटर, ५५ इंचीवर १५. ८ फुटांवरून ९ मिलिमीटरचं अक्षर ओळखता येतं, पण खेळाच्या धांदलीत वाचणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा. १२ चं बऱ्यापैकी वाचता येतं.

यावरचा फुकटचा उपाय असा: खुर्ची टीव्हीपासून साडेपाच फुटांवर ओढा. तिथून त्याच ३२ इंची पडद्यावरचं अक्षर डोळ्याला ८ फुटांवरच्या ४६ इंची पडद्याइतकं मोठं दिसतं. आठवडाभर असं खेळू द्या. घरातल्या बाकीच्यांना वाटेत खुर्ची नको असेल तर मग मोठा टीव्ही घेण्याला खरं कारण आहे. काही खेळांत 'टेक्स्ट साइझ' किंवा 'सबटायटल साइझ' हेही सेटिंग असतं, मुलं ते कधी उघडत नाहीत.

आता 'चार गुना'. आकड्यांत दुकानदार खोटं बोलत नाही. फुल एचडीत २०,७३,६०० ठिपके असतात आणि ४केत ८२,९४,४००, बरोबर चौपट. पण तुमचा पीएस४ स्लिम ४के देतच नाही. २०१६ साली दोन कन्सोल आले, स्लिम आणि प्रो. त्यातला ४के देणारा प्रो. स्लिमकडून जास्तीत जास्त १०८०पी येतं, बाकीचे साठ लाख ठिपके टीव्ही अंदाजाने भरतो. अंदाज चांगला असतो, त्यात गैर काही नाही, कारण १०८० ची दुप्पट बरोबर २१६० होते आणि जोडणी सरळ बसते, १३६६ च्या पॅनेलसारखी वाकडी नाही. पण बारकावा नवा येत नाही. शिवाय ५५ इंची फुल एचडीचा ठिपका ०.६३ मिलिमीटरचा असतो, तोही ८ फुटांवरून मर्यादेखालीच. तुमच्या दिवाणावरून फुल एचडी आणि ४के यातला फरक ६५ इंचाच्या आसपास दिसायला लागेल, आणि तोही कन्सोल ४के देत असेल तर. दुकानात फरक दिसतो कारण तिथे पेनड्राइव्हवरची खास ४के फीत तीन फुटांवरून बघतो आपण. एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा: तिरप्या कडांची जिन्यासारखी दातेरी रेघ, तारांची आणि कुंपणांची लुकलुक, ही डोळ्याला ठिपक्याच्या मर्यादेखालीसुद्धा जाणवते, कारण ती हलते. ४के देणाऱ्या कन्सोलवर ती नक्की कमी होते.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मात्र आम्हाला मान्य नाही. काच बदलून फरक पडतो, आणि एकदा तो प्रचंड पडला होता: नळीच्या टीव्हीवरून एचडीवर जाताना. आपल्याकडचं जुनं प्रक्षेपण ५७६ ओळींचं, तेही एकाआड एक ओळ. २००५ साली एक्सबॉक्स ३६० आणि २००६ साली पीएस३ आला तेव्हा खेळ एचडी पडदा समोर धरूनच बनू लागले, इतके की जुन्या टीव्हीवर काही खेळांतली अक्षरं वाचताच येईनात. आणि तरी गंमत बघा, पीएस३ च्या खोक्यात तार यायची ती पिवळी-लाल-पांढरी. एचडीएमआय केबल वेगळी विकत घ्यायची. नवाकोरा एचडी टीव्ही, नवा कन्सोल, आणि मधे पिवळी तार, अशा थाटात 'एचडी'चं कौतुक करणारी घरं काही कमी नव्हती. त्यातही त्या पिढीचे गाजलेले खेळ आतून ७२०पीसुद्धा नव्हते. 'हेलो ३' ११५२ बाय ६४० वर चालायचा, 'कॉल ऑफ ड्यूटी ४' १०२४ बाय ६०० वर. खोक्यावरचा आकडा आणि आत रंगवलेलं चित्र या दोन गोष्टी तेव्हाही वेगळ्या होत्या. आजही पीएस५ चे बरेच खेळ आतून ४केपेक्षा कमी ठिपक्यांत रंगवून मग वाढवतात.

घ्यायचाच ठरला तर ४३ इंची घ्या, तुमच्या ४० हजारांत आरामात बसतो. आज ४३ इंचीत ४के सर्रास मिळतं, ते आलं तर येऊ द्या, पण त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. पैसे मोजायचे ते गेम मोडमधल्या उशिरासाठी. आजच्या बऱ्या टीव्हींत तो १० ते २० मिलिसेकंद असतो. दुकानदाराला हा आकडा माहीत नसतो, तेव्हा मॉडेल नंबर लिहून आणा आणि घरी परीक्षणांत 'इनपुट लॅग' शोधा. पॅनेल दोन प्रकारचं येतं. 'व्हीए'चा काळा रंग गडद, पण बाजूने बघितलं की रंग फिकटतात. 'आयपीएस'चा काळा राखाडीकडे झुकतो, पण खोलीत कुठूनही चित्र सारखं दिसतं. मुलगा समोर बसून एकटाच खेळत असेल आणि पडदे ओढलेले असतील तर व्हीए. संध्याकाळी सगळं घर आजूबाजूला बसून मालिका बघत असेल तर आयपीएस.

'एचडीआर'च्या (उजेड आणि काळोख यांतला फरक वाढवून दाखवणाऱ्या चित्राच्या) चिकटपट्टीवर भाळू नका. पीएस४ स्लिम एचडीआर देतो हे खरं, पण त्यासाठी पडदा खूप उजळ लागतो. हे चित्र बऱ्याचदा १००० निट्स (पडद्याच्या उजेडाचं माप) उजेड धरून बनवलेलं असतं, आणि स्वस्त टीव्ही २५०-३०० निट्सच्या पुढे जात नाहीत. अशा टीव्हीत एचडीआर लावलं की सूर्य उजळत नाही, उलट सगळं चित्र मंदावतं. तसं झालं तर पीएस४ मध्ये एचडीआर सरळ बंद करा, त्यात कमीपणा काही नाही. आणि 'मोशन रेट २००', 'क्लॅरिटी ८००' असले आकडे तर सोडूनच द्या. पीएस४ टीव्हीला सेकंदाला ६० पेक्षा जास्त चित्रं देत नाही. १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० चित्रं) आणि त्यासाठीची नवी जोडणी एचडीएमआय २.१ यांचा विचार दोन वर्षांत पीएस५ घ्यायचा असेल तरच करा, मग मात्र विचारताना किती खाचा २.१ च्या आहेत हेही विचारा. पुष्कळ टीव्हींत चारपैकी एकदोनच असतात.

दुकानात जाताना पीएस४, त्याची केबल आणि कंट्रोलर पिशवीत घालून न्या. टीव्ही 'स्टोअर मोड'मधून 'होम मोड'वर घ्यायला लावा, गेम मोड लावा, ८ फूट मोजून उभे राहा आणि मुलाला त्याचा नेहमीचाच खेळ लावू द्या. नाही म्हणणारा दुकानदार सोडून पुढच्या दुकानात जा, महाराणी रोडवर दुकानांचा तुटवडा नाही. केबल महागडी विकायला लागले तर घेऊ नका. एचडीएमआयमध्ये चित्र आकड्यांत जातं. केबल खराब असेल तर पांढऱ्या ठिणग्या उडतात किंवा चित्र जातं, 'थोडं फिकं' असं काही होत नाही. १०८०पीसाठी साधी 'हाय स्पीड' केबल पुरते.

नव्या टीव्हीला पीएस४ जोडल्यावर पडदा काळा राहिला तर टीव्ही परत पाठवू नका. कन्सोल पूर्ण बंद करा, पॉवर बटण सुमारे ७ सेकंद, दुसरा बीप येईपर्यंत दाबून धरा, कंट्रोलर यूएसबी तारेने जोडा आणि यादीतला दुसरा पर्याय, 'चेंज रिझोल्यूशन' निवडा. एचडीएमआय केबल लावताना-काढताना टीव्ही, कन्सोल आणि सेट टॉप बॉक्स तिन्ही भिंतीवरून बंद ठेवा. पीएस४ ची तार दोन पिनांची, अर्थिंग नसतं, त्यात केबलवाल्याच्या तारेतून वेगळाच करंट येतो. हाताला झिणझिण्या येतात त्या अशा गळतीच्या, आणि चालू स्थितीत केबल खुपसताना एचडीएमआयची खाच जळू शकते तीही त्यामुळे. खाचेत केबल तिरकी ढकलू नका. आतली पिन वाकली की दुरुस्तीवाला आख्खी खाचच बदलतो.

राहिला भावजींचा पीएस२. नव्या टीव्हीला पिवळ्या तारेची (एव्ही) खाच असेल तर तो जोडता येतो, पण चांगला दिसणार नाही. त्याचे बहुतेक खेळ ६४० बाय ४४८ च्या आसपास, एकाआड एक ओळीचे. नवा टीव्ही त्या अर्ध्या ओळी जोडतो, कैकपट ताणतो, आणि त्यात उशीरही वाढतो. त्यातून पिवळ्या तारेत उजेड आणि रंग एकाच वाटेने जातात, म्हणून कडांवर ठिपके सरपटतात आणि लाल रंग बाहेर पसरतो. बाजारात मिळणारा 'एव्ही टू एचडीएमआय'चा छोटा डबा घेऊ नका. तो त्याच पिवळ्या तारेचं चित्र मोठं करतो, बस. पीएस२ साठी जुना ३२ इंची टीव्ही आतल्या खोलीत लावा, कारण त्याच्या मागे हिरव्या-निळ्या-लाल कम्पोनंट खाचा असण्याची शक्यता जास्त. पीएस२ ची कम्पोनंट केबल मिळते, तिच्यात उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांनी जातात आणि चित्रात लगेच फरक पडतो. कोणाच्या माळ्यावर नळीचा टीव्ही चालू स्थितीत असेल तर त्याच्याइतका चांगला पीएस२ दुसऱ्या कशावर दिसत नाही. बंदूक रोखून खेळायचे खेळ तर फक्त नळीच्याच टीव्हीवर चालतात, ती बंदूक पडद्यावर फिरणारी किरणाची रेघ ओळखते.

३२ इंची टीव्हीवर चित्राचा आकार ('अ‍ॅस्पेक्ट') मात्र ४:३ वर ठेवा, नाहीतर सगळे खेळाडू बसके दिसतील. आणि कम्पोनंट लावण्याआधी एक काम पिवळ्या तारेवरच उरका: डिस्क न घालता पीएस२ सुरू करा, 'सिस्टम कॉन्फिगरेशन'मध्ये 'कम्पोनंट व्हिडिओ आउट' आरजीबीवरून 'वाय सीबी/पीबी सीआर/पीआर'वर आणा, मग बंद करून तार बदला. आधीच तार बदलली तर चित्र हिरवट, विचित्र रंगांचं येतं आणि त्या गोंधळात मेनू शोधणं अवघड जातं. तसं झालंच तर पिवळी तार परत लावा, सेटिंग बदला आणि पुन्हा कम्पोनंटवर या.